आपण बदल केले आहेत

मंगळवार, १० जानेवारी २००६

विमा एजंटने दिलेली ही डायरी दहा दिवस कोरी पडली होती. आजपासून लिहायला घेते, आणि तीही हौस म्हणून नव्हे. पुढेमागे कोणी "तुम्हाला आठवत नसेल" म्हणालं, तर तारीख-वार दाखवता यावा म्हणून. पासष्टी ओलांडलेल्या बाईला हे वाक्य लोक फार सहज ऐकवतात.

नोंद करण्यासारखं घडलं ते परवा रविवारी. संग्राम आणि क्षितिजा ऑकलंडहून दर रविवारी सकाळी दहाला कॉम्प्युटरवर बोलतात. मी कानाला ते हेडफोन लावून बसते. माझा मुलगा पाच मिनिटं हवामान सांगतो आणि मग बायकोच्या हाती देतो. परवा क्षितिजा म्हणाली, "आई, पुढच्या रविवारी तुम्हाला एक विचारायचंय. नाही म्हणायचं नाही हं."

नाही म्हणायचं नाही, हे आधीच सांगावं लागतं तेव्हा ठरवून सगळं झालेलं असतं. तिला मे महिन्यात बाळ होणार आहे. मला वाटतं, नाशिकच्या विहीणबाईंना बाळंतपणाला बोलवायचं ठरलंय आणि माझ्याकडून फक्त 'छान' एवढं वदवून घ्यायचंय. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात पोर गेलं, तेही मला आठ दिवसांनी कळवलं होतं. नाशिकला मात्र त्याच दिवशी कळलं होतं.

बुधवार, ११ जानेवारी

पेपरात कॉम्प्युटरवर एक सदर येतं. आज त्यात होतं की आपल्या नकळत काही प्रोग्रॅम यंत्र सुरू होताच आत येऊन बसतात आणि आपली माहिती बाहेर पुरवतात. मला आश्चर्य वाटलं नाही. फक्त कोणीतरी छापलं याचं बरं वाटलं.

त्यांनी दिलेला शब्द चौकटीत टाइप केला तर एक खिडकी उघडली. आत नावांची लांबलचक यादी, एकाचीही ओळख पटेना. टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये सुपरवायझर असताना पास नसलेल्या माणसाला मी स्विचरूममध्ये पाऊल टाकू दिलं नाही. एकदा दिल्लीहून आलेल्या साहेबाला वीस मिनिटं जिन्यात उभं केलं होतं.

पहिल्या पानावर तीन पर्याय होते. नॉर्मल, डायग्नॉस्टिक आणि सिलेक्टिव्ह. आमच्या शाळेतल्या नन्सनी इंग्रजी शब्द मुळापासून शिकवले होते. डायग्नॉसिस म्हणजे निदान. निदान करून घेण्यात कोणाचं काय जातं? त्या शब्दापुढच्या गोलात ठिपका लावला आणि ओके केलं. यंत्राने विचारलं, आता बंद करून पुन्हा सुरू करू का? अकरा वाजत आले होते, भारनियमनाची वेळ. नको म्हटलं. थोडी वाट पाहिली, पण निदान म्हणून काही समोर आलं नाही. म्हणजे काही झालंच नाही. बंद करून उठले.

पेपरातली सदरंही हल्ली कोणीही लिहितं.

गुरुवार, १२ जानेवारी

वॉल्टर यूपीएस बसवायला आला. हा माझ्या मैत्रिणीच्या, मटिल्डाच्या चुलतबहिणीचा नवरा. वीस वर्षं कुवेतला यंत्रं दुरुस्त करत होता, आता इथे वसईतच पापडीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बघतो. पन्नाशीचा आहे, चपला दाराबाहेर काढतो, मला मॅडम म्हणतो. इतकी नम्रता मला नेहमी जड जाते.

तो आला तेव्हा वीज नव्हती. मी चहा ठेवायला आत गेले आणि तो टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायरी लावत होता. दहा मिनिटं. वीज नसल्यामुळे कॉम्प्युटर चालू करून बघता आला नाही, असं तो जाताना म्हणाला. यूपीएसमध्ये बॅटरी असते आणि तिच्यावर कॉम्प्युटर चालतो, हे मॅडमना ठाऊक नसेल असं त्याला वाटलं असावं.

शुक्रवार, १३ जानेवारी

लिहून ठेवलं ते बरं केलं.

आज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्याचा रंगच उडालेला. खालची निळी पट्टी आणि हिरवं बटण गेलं, सगळं जुन्या सरकारी कपाटासारखं राखाडी. आवाज बंद. इंटरनेट लागत नाही. मोडेमची ती किरकिरही नाही. आणि मधोमध एक सूचना. शब्द न् शब्द उतरवून घेतली. तिचा अर्थ असा, की यंत्र सुरू होण्याच्या पद्धतीत आपण बदल केले आहेत, सध्या ते निदानाच्या अवस्थेत आहे, नेहमीसारखं सुरू करायचं तर पहिल्या पानावर जाऊन 'नॉर्मल' निवडा.

आपण बदल केले आहेत. आपण म्हणजे कोण? या घरात मी एकटी राहते. बदल करणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं नाही, माझ्यावर ढकललं. वर काय करायचं तेही तोच सांगतोय. घरफोडी करणाऱ्याने जाताना शहाणपण शिकवून जावं, तसं हे. फोनवर अनोळखी आवाज 'अमुक बटण दाबा' म्हणाला तर दाबायचं नाही, हे मी ऑपरेटरच्या चार बॅचना शिकवलंय. खिडकी बंद केली. पुन्हा सुरू केलं तर पुन्हा तीच सूचना. पाच वेळा केलं. पाचही वेळा तोच आरोप.

काल कोण आलं होतं ते वरच्या पानावर आहेच.

रविवार, १५ जानेवारी

दहाला हेडफोन लावून राखाडी पडद्यासमोर बसले. अर्थात काही नाही.

दहा वीसला फोन वाजला. कॉलर आयडीच्या डबीवर नुसती शून्यं. उचलला तर तीन-चार सेकंद शांतता, मग खरखर, आणि लांबून बाईचा आवाज, अर्धवट तुटलेला. "राँग नंबर," म्हणून ठेवून दिला. लगेच पुन्हा. मग तिसऱ्यांदा. घरात माणूस आहे की नाही हे असंच बघतात. आमच्या एव्हरशाईन वसाहतीत दिवाळीपासून दोन फ्लॅट फुटले आहेत. शेवटी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि दाराला आतून साखळी लावली.

मुलगा आणि सून यांना एक रविवार चुकला याचं काही वाटलेलं दिसत नाही. वाटलं असतं तर फोन केला असता.

मंगळवार, १७ जानेवारी

वॉल्टरला बोलावलं. त्याच्याकडून काय निघतं ते बघायला.

त्याने पडद्यावरची सूचना वाचली, मग माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून हळूच विचारलं, "मॅडम, इथे तुम्ही काही हात लावला होता का?"

मी म्हटलं, "हा प्रश्न मी तुम्हाला विचारायला बोलावलंय."

त्याचा चेहरा पडला. म्हणाला, काही बिघडलेलं नाही, एक ठिपका इकडचा तिकडे करायचाय, दोन मिनिटांचं काम आहे. ज्याने लावलं त्याला काढायला दोनच मिनिटं लागणार. मी माऊसवर हात ठेवला आणि तिथून हलले नाही. म्हटलं, काय केलंत ते कबूल करा, मग हात लावा.

तो म्हणाला, "नाय मॅडम, मी काय नाय केला. पन तुम्हाला तसा वाटत असेल तर व्हायरस म्हना." चपला घातल्या आणि गेला. चहा तसाच. दुरुस्तीला आलेला माणूस काही न मागता जातो, यातच सगळं आलं.

बुधवार, १८ जानेवारी

डोकं शांत ठेवून विचार केला. वॉल्टरला माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय रस असणार? काही नाही. पण त्याचा नंबर घरात आणला कोणी? मटिल्डाने. पण मागच्या दिवाळीत कॉम्प्युटर आला तेव्हा ऑकलंडहून त्याच्याशी अर्धा तास कोण बोलत होतं? क्षितिजा. पासवर्ड कोणी ठरवला? क्षितिजाने. पुढच्या रविवारी विचारायचंय म्हणाली, आणि त्याच रविवारी यंत्र मुकं. तिला विचारायची वेळच येऊ द्यायची नव्हती. विहीणबाईंचं तिकीट निघालं की सवडीने कळवतील. पुन्हा आठ दिवसांनी.

फोन मी करणार नाही. ज्याला गरज असेल त्याने करावा.

गुरुवार, १९ जानेवारी

क्षितिजाला पत्र लिहिलं. तीन पानं. इंग्रजीत लिहिलं, म्हणजे भांडल्यासारखं वाटत नाही. तुझ्या आईला खुशाल बोलाव, मला त्यासाठी अंधारात ठेवायची गरज नव्हती, एवढंच लिहायचं होतं. एक वाक्य जरा पुढे गेलं. गेल्या वर्षी तू स्वतःला जपलं असतंस आणि वेळेवर मोठ्यांना विचारलं असतंस, तर आज ही दुसरी वेळ आली नसती, असं. वाचून बघताना त्यावर पेन थांबलं होतं. पण खोडलं असतं तर पान पुन्हा लिहावं लागलं असतं.

वसई रोडच्या पोस्टात स्वतः नेऊन दिलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, दहा-बारा दिवस धरा. तिकिटांवर शिक्का माझ्यासमोर मारायला लावला.

रविवार, २२ जानेवारी

पुन्हा दहानंतर तो शून्यांचा फोन. उचलला नाही. चौदा वेळा वाजला, थांबला, पुन्हा अकरा वेळा.

मटिल्डा चर्चमधल्या मिस्साहून परस्पर आली, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. ती आली तेव्हा फोन वाजतच होता. ती उचलायला निघाली, मी तिचा हात धरला. नंबर नाही, चोर आहेत, सांगितलं.

ती म्हणाली, "चोर दर रविवारी दहाला फोन करतो? तुझ्या पोरांसारखा?"

मी म्हटलं, पोरांनी केला तर न्यूझीलंडचा चौसष्ट आकडा दिसतो. देशांचे कोड मला पाठ आहेत.

मग तिने वॉल्टरचं काढलं. तो घरी येऊन काही बोलला नाही, पण जेवला नाही, असं तिच्या बहिणीने सांगितलं. मी तिला सगळा पुरावा तारखेनिशी वाचून दाखवला. ती सुकेळं सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वसू, तुला फसवायला एवढी माणसं सुट्टी काढून बसलीत? आपल्याला एवढा भाव कधीपासून आला गं?"

तिला पत्राचंही सांगितलं. ते एक वाक्य सांगितलं नाही. का सांगितलं नाही, कोण जाणे. मटिल्डाची स्वतःची दोन पोरं पोटातच गेली होती, तिचा मुलगा बेसिल होण्याआधी.

शनिवार, २८ जानेवारी

पाच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करते, सूचना वाचते, बंद करते. पत्र कुठवर गेलं असेल याचा हिशेब मनात चालू असतो. पोस्टातून पत्र परत मागता येतं का, हे विचारायला काल गेले होते. रांग मोठी होती, परत आले.

रविवार, २९ जानेवारी

आज फोन आला नाही. साडेअकरापर्यंत जवळच बसले होते.

बुधवार, १ फेब्रुवारी

सकाळी नऊला फोन. डबीवर नंबर, चौसष्टने सुरू होणारा. उचलला.

क्षितिजा होती. कशा आहात वगैरे काही नाही. म्हणाली, "आई, कॉम्प्युटर चालू करा. फोन हातात ठेवा."

आवाज जड होता. विचारलं तर म्हणाली सर्दी झालीय. तिकडे भर उन्हाळा आहे. मी नोंद घेतली.

फोनची वायर टेबलापर्यंत पुरते. चालू केला. समोर काय दिसतं ते वाचायला सांगितलं, मी वाचलं. माझा उच्चार अजून स्वच्छ आहे. आपण बदल केले आहेत इथपासून नॉर्मल निवडा इथपर्यंत.

ती म्हणाली, "मग तेच करायचं, आई. त्यात लिहिलंय तेच."

"कोणी लिहिलंय ते कळल्याशिवाय?"

पलीकडे इतका वेळ काही आवाज आला नाही, की लाइन कटली असं मला वाटलं. परदेशी कॉलमध्ये सेकंदभराची फट असते, पण ही तेवढी नव्हती. मग ती म्हणाली, "मी सांगतेय म्हणून करा."

ठिपका नॉर्मलवर नेला. ओके केलं. पुन्हा सुरू करू का विचारलं, तिने हो म्हणायला सांगितलं. यंत्र उठायला तीन मिनिटं गेली.  ती नाक ओढत होती ते ऐकू येत होतं. मग निळी पट्टी आली, हिरवं बटण आलं, आणि ती सुरू होतानाची धून वाजली. तिलाही फोनवर ऐकू गेली असावी. म्हणाली, "झालं. आता फोन ठेवा, नाहीतर नेट लागणार नाही. मेल बघा."

सात मेल होते. आले त्या क्रमाने वाचले.

पंधरा तारखेचा. आई, कॉम्प्युटरवर दिसला नाहीत म्हणून कॉलिंग कार्डावरून फोन केला, कार्डाचे कॉल स्वस्त पडतात पण लाइन वाईट असते, कोणीतरी राँग नंबर म्हणून ठेवलं. तुमची तब्येत बरी आहे ना?

सोळाचा मोठा. त्यात तो प्रश्न. मेमध्ये तुम्ही याल का? माझी आई यायला तयार आहे, पण मीच तिला नको म्हटलंय. ती डॉक्टरांना देव मानते. मागच्या वेळी मी दोन आठवडे सांगत होते की काहीतरी चुकतंय, आणि सगळे गोड हसून सगळं ठीक आहे म्हणत होते. संग्रामसुद्धा. कोणी एकाने जरी उलट विचारलं असतं. आई, तुम्ही कोणावर विश्वास ठेवत नाही. मला तसं कोणीतरी खोलीत हवंय.

अठराचा, बाविसाचा, तेविसाचा, सव्विसाचा. सगळे छोटे. फोन उचला. मटिल्डाबाईंचा नंबर कोणाकडे मिळेल? रागावलात का?

शेवटचा कालचा, एकतीस जानेवारी. एकच ओळ. तुमचं पत्र मिळालं, उद्या सकाळी थेट फोन करून आधी मशीन सुरू करून देते.

म्हणजे फोन केला तेव्हा ते तिच्यासमोर होतं. तीन पानं समोर ठेवून ती मला ठिपका कुठे लावायचा ते सांगत होती.

आज जेवण केलं नाही.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

या डायरीचं अकरा जानेवारीचं पान पुन्हा वाचलं. तीनदा वाचलं. त्यावरून तसं काही सिद्ध होत नाही. पुन्हा सुरू करू नको असं मी यंत्राला स्पष्ट सांगितलं होतं.

दुपारी रिक्षा करून पापडीला वॉल्टरच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर चालू झाला एवढं सांगितलं. तो म्हणाला, छान झालं मॅडम, आणि स्टूल पुसून पुढे केलं. कोणी केला, कसा केला, एक प्रश्न नाही. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं असा माझा दाट संशय आहे. चहा मागवला त्याने. मी पूर्ण घेतला, आणि निघताना म्हटलं की त्या मंगळवारी मी जे बोलले ते माझं चुकलं. तो इतका गोंधळला की त्यानेच सॉरी म्हटलं.

रविवार, ५ फेब्रुवारी

पावणेदहालाच बसले होते. तीन वाक्यं इंग्रजीत कागदावर लिहून ठेवली होती.

दहाला क्षितिजाचा आवाज. एकटीच होती, संग्रामला सामान आणायला पाठवलंय म्हणाली. मी कागद हातात घेतला. पण ती मराठीत बोलत होती, आणि तिच्यासमोर ती वाक्यं मलाच एखाद्या कचेरीच्या पत्रासारखी वाटली. कागद खाली ठेवला.

म्हटलं, "ते गेल्या वर्षीचं वाक्य मी लिहायला नको होतं."

ती म्हणाली, "लिहायला नको होतं, की वाटायला नको होतं?"

असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. खोटं सांगता आलं असतं. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज.

"वाटत नव्हतं," मी म्हटलं. "तुला लागावं म्हणून लिहिलं."

"लागलं."

 हेडफोनमध्ये तिचा श्वास अगदी कानाशी येतो. तो थांबेल या भीतीने मी हललेही नाही.

शेवटी म्हणाली, "एप्रिलच्या वीसचं तिकीट मिळतंय. येणार की नाही तेवढं सांगा. आणि एक. इथल्या डॉक्टरांवर, नर्सवर, जगात ज्याच्यावर घ्यायचाय त्याच्यावर संशय घ्या, त्यासाठीच बोलावतेय. माझ्यावर आला तर मला विचारायचं. पत्र नाही."

मी हो म्हटलं. दोन्हीला.

पत्र संग्रामने वाचलं का, विचारलं. नाही म्हणाली, त्याला दाखवलं नाही आणि दाखवणार नाही. फाडलंस का, विचारलं. नाही, कपाटात आहे.

का ठेवलंय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आणि का ठेवलं असेल याचे चार-पाच अर्थ दुपारपासून डोक्यात फिरताहेत, त्यातला एकही चांगला नाही. ठरल्याप्रमाणे मला तिला विचारायला हवं. पण हे एक मी विचारणार नाही. माझ्याविरुद्ध तिच्याकडे एक कागद असू दे. तिच्याविरुद्ध माझ्याकडे काहीही नाही, मी सातही मेल पुन्हा तपासले.

उद्या पासपोर्टची तारीख बघायची.